वेगळ्या टेबलावरचं जेवण

जानेवारी १२, रविवार

पहाटे दूध काढायला जायच्या आधीच मांस शेगडीवर चढवलं. नव्या गोऱ्ह्याचं पहिलं मांस — खांद्याचा मोठा तुकडा. चरबीत चारी बाजूंनी लाल करून घेतला. कांदे, मीठ, मिरी, थोडं व्हिनेगर आणि काल उरलेली काळी कॉफी. बिडाच्या टोपावर झाकण ठेवलं आणि टोप शेगडीच्या मागच्या कोपऱ्यात सरकवला, तिथे आच जेमतेम असते. नंतर दुपारपर्यंत काही करायचं नसतं. झाकण उघडायचं नाही, एवढंच.

काही करायचं नसतं हेच वाईट. हात रिकामे राहतात.

दुपारी जेवायला बसलो. मोठ्या टेबलावर मी आणि सासूबाई. ईनॉस खिडकीखालच्या शिवणाच्या टेबलावर, आमच्याकडे पाठ करून. वाळीत टाकलेल्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. नवरा असला तरी. त्याला वाढायला चालतं, म्हणून मी वाढलं — मांस, बटाट्याचा लगदा, वर शेवया, त्यावर रस्सा. ताट त्याच्या टेबलावर ठेवलं आणि मागे फिरले.

मीठ त्याच्याकडे राहिलं होतं. मी मागितलं. तो उठला, मिठाची वाटी घेऊन माझ्यापर्यंत आला आणि हात पुढे केला. मी हात पाठीमागे घेतला. बावीस वर्षं त्याच्या हातून मीठ घेतलंय मी. त्याने वाटी टेबलाच्या कडेवर ठेवली, दोन पावलं मागे सरला. मग मी उचलली.

सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "मांस छान सुटलंय."



जानेवारी १३, सोमवार

पंप गोठला. ईनॉस उकळतं पाणी ओतत बसला होता. धुणं झालं नाही.

जानेवारी १५, बुधवार

लिआना असती तर ती त्याच्या टेबलावर बसली असती. तिला चाललं असतं, तिचा बाप्तिस्मा कुठे झाला होता; आमच्यात तो मोठेपणी होतो, आणि हे नियम त्यानंतरचे. अकरा वर्षांची पोर. बापाजवळ बसून बडबड केली असती आणि मी इकडून ओरडले असते, आधी जेव म्हणून.

पण ती असती तर त्याला वाळीत टाकलंच नसतं. हे माझ्या डोक्यात येतच नाही. रोज त्याच्याजवळ तिला बसवते आणि मग आठवतं.

एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. ऑक्टोबरातली संध्याकाळ. बहिणीकडून आम्ही दोघी बग्गीतून येत होतो. लगाम माझ्या हातात. चढाची टेकडी उतरलो आणि समोरून इंग्लिश, म्हणजे आमच्याबाहेरच्या, माणसाची मोठी गाडी आली, आमच्या बाजूला. सरळ आमच्याकडे. दिवे दोन्ही लागलेले होते. बॅटरी ईनॉसने त्याच दुपारी नवी घातली होती. गाडी जवळ आली तेव्हा मला त्या माणसाचं तोंड दिसलं. तोंड खाली होतं. खालून तोंडावर निळा उजेड पडला होता, फोनचा. त्याने वर बघितलंच नाही.

घोडी गेली. लिआना गेली. माझं नुसतं मनगट मोडलं.

लिहून काही थांबलं नाही.

जानेवारी १९, रविवार

प्रार्थना श्लाबाखांच्या घरी होती. ईनॉस घरीच. मी आणि सासूबाई गेलो. सगळ्या बायका माझ्याशी फार हळू बोलतात, मी आजारी असल्यासारखं. फॅनी श्लाबाख म्हणाली, "लिआना चांगल्या जागी आहे गं. आपणच अजून इथे आहोत." मी मान हलवली. मान हलवायची सवय झालीय.

बिशप यॉस्ट मला कोठाराच्या दाराशी भेटले. माणूस वाईट नाही. लिआनाच्या दफनाच्या दिवशी तेही रडले होते, सगळ्यांसमोर. हातातली टोपी फिरवत म्हणाले, "ऑर्फा, ईनॉसने गाडीवाल्याला माफ केलं की नाही?"

"केलं. माझ्याबरोबरच गेला होता त्याच्या घरी. तुम्हीही होता."

"हो. आणि पुढच्याच महिन्यात सरकारी वकिलाकडे जाऊन बसला. तिथे सांगितलं, कोर्टात बोलायला उभा राहतो. एका तोंडाने माफ करायचं आणि दुसऱ्या तोंडाने त्याला तुरुंगात घालायचं? अगं, त्याने एकदा म्हणावं, चुकलो. कोर्टात जाणार नाही म्हणावं. मी स्वतः त्याला हात देऊन उठवीन. तुझ्याशिवाय त्याला कोण समजावणार?"

"शपथ आपल्यात चालत नाही, ती तो घेणार नव्हता. नुसतं खरं सांगतो म्हणाला होता."

"शपथेचा प्रश्नच नाही हा," ते म्हणाले. थकल्यासारखे दिसले. "तुला कळतंय ते."

मला कळतंय. तेच तर. दोघांचंही कळतंय.

जानेवारी २४, शुक्रवार

सरकारी वकिलाचा माणूस आला होता. हॅनलन नावाचा, वयस्कर, बूट बाहेर झटकून आत आला. मी कॉफी दिली. ईनॉस गोठ्यात होता, त्याला मी बोलावलं नाही.

तो म्हणाला, "बाई, तेरा मार्चला सुनावणी आहे. गाडीवाल्याचं म्हणणं आहे की तुमच्या बग्गीला दिवे नव्हते."

मला आधी ऐकूच आलं नाही. परत सांगितलं त्याने.

"दिवे मोडूनतोडून गेलेत, त्यावरून काही ठरत नाही. तुमचे यजमान सांगू शकतात की बॅटरी नवी होती. पण ते बग्गीत नव्हते. बग्गीत तुम्ही होता."

"आम्ही त्याला माफ केलंय," मी म्हटलं.

"ते तुमचं आणि त्याचं. कोर्ट फक्त विचारतं, काय झालं."

"मी येऊ शकत नाही."

"मी तुम्हाला बोलावणं पाठवू शकतो. पण पाठवणार नाही. तुमच्या लोकांना मी ओळखतो." कॉफी संपवून त्याने कप स्वतः नेऊन ठेवला. दारातून म्हणाला, "तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर कागदावर हेच राहील की आई मुलीला घेऊन अंधारात दिव्याशिवाय निघाली होती. एवढंच सांगायला आलो."

तो गेल्यावर मी शेवयांचं पीठ मळायला घेतलं. बारा अंडी फोडली. इतक्या शेवया कोण खाणार आहे या घरात.

जानेवारी २६, रविवार

मांस करपलं.

सकाळीच चढवलं होतं, नेहमीसारखं. मग मी शेगडीजवळ बसले. उठले नाही. आचेत लाकडं जास्त पडली होती, टोप पुढे राहिला होता, मला काही कळलं नाही. धूर झाला तेव्हा सासूबाई पलीकडच्या त्यांच्या छोट्या घरातून काठी टेकत आल्या.

"अगं, तू इथे बसलीयेस आणि रस्सा पार आटला? नाक नाही का तुला?"

मी म्हटलं, "लक्ष नव्हतं."

"दिसतंय ते." मग माझ्याकडे बघून आवाज उतरवला. "जाऊ दे. वरचं वरचं काढू."

वरचं काढलं. तरी कडू होतं. मी ईनॉसचं ताट त्याच्या टेबलावर ठेवलं. तो ताट पूर्ण करून म्हणाला, "चांगलं झालंय." आठवड्यातला त्याचा पहिला शब्द. आणि तोही खोटा.

मला राग आला. इतका की मीच घाबरले. मी सासूबाईंसमोरच म्हटलं, "तुला एवढं म्हणायला काय होतं, चुकलो म्हणून? एक शब्द. मग तू इथे बसशील. वर लिआनाच्या खोलीत झोपतोस ते खाली येशील. मी काय कमी गमावलंय, की आता तुलाही गमावू?"

तो वळला. खुर्चीसकट वळला. "दिवे मी लावले होते ऑर्फा. तुम्ही निघताना वात बघावी तसे बघितले होते. मी गप्प बसलो तर लावले नव्हते असं मीच म्हटल्यासारखं होईल."

"देवाला माहीत आहे लावले होते."

"मग देवाला माहीत असलेलं माणसाला सांगितलं तर बिघडलं काय?"

सासूबाई उठून गेल्या. मीही टोप घासायला घेतला. तळाला काळी साल धरली होती, निघता निघेना.

जानेवारी २८, मंगळवार

अशी थंडी बघितली नव्हती. कोंबड्या मेल्या दोन.

जानेवारी ३१, शुक्रवार

कोठाराच्या फटीतून बघितलं. सासूबाई आत होत्या. ईनॉसने थर्मासमधून कॉफी ओतली आणि कप पुढे केला. त्यांनी घेतला. त्याच्या हातून. दोन्ही हातांनी कप धरून प्यायल्या आणि परत त्याच्याच हातात दिला. ऐंशीची बाई, जन्मात नियम मोडला नाही.

मी कुणाला सांगणार नाही. मला हेवा वाटला, एवढंच लिहिते.

फेब्रुवारी २, रविवार

प्रार्थनेनंतर यॉस्ट आणि त्यांची बायको एडना, दोघं माझ्याजवळ आले. गाडीवाल्याचं नाव ब्रेंट. त्याची बायको दिवसांत आहे, त्याची नोकरी सुटलीय. मंडळींतल्या बायका पाळीपाळीने जेवण पोचवतायत हे मला माहीत होतं. यॉस्ट म्हणाले, "या वेळी तू नेलंस तर? लोक बघतील. ईनॉसही बघेल. आणि तुझ्याही मनातून काहीतरी हलेल."

मी हो म्हटलं. माझ्या मनात हलायला काही उरलंय असं त्यांना वाटतं, हे बरंच आहे.

फेब्रुवारी ८, शनिवार

सगळ्यात चांगला तुकडा काढला. पहाटे चढवला. या वेळी टोपाजवळून हलले नाही. दुपारी झाकण काढलं तेव्हा चमच्याने तुटत होतं. रस्सा वेगळा केला, शेवया त्यात शिजवल्या, वरून लोणी लालसर करून ओतलं. ईनॉस दूध घेऊन आत आला, वास घेऊन थांबला. "आज शनिवार," म्हणाला.

"ब्रेंटकडे न्यायचंय."

 बाहेर जाऊन त्याने घोडी जुंपून दिली. दिवे दोनदा तपासले. भर दुपार होती.

त्या संध्याकाळनंतर त्या रस्त्याने पहिल्यांदाच गेले; माफ करायला गेलो होतो तेव्हा लांबच्या वाटेने गेलो होतो. लगाम सासूबाईंनी धरला, माझ्याने होईना. टेकडीच्या उतारावर मी डोळे मिटले. सासूबाई म्हणाल्या, "उघड आता. गेली ती जागा."

ब्रेंटचं घर लहान, गरम, टीव्ही चालू होता तो त्याच्या बायकोने लगबगीने बंद केला. टॅमी नाव तिचं. पोट चांगलंच पुढे आलंय. टोप बघून तिला रडूच आलं. "तुम्ही लोक — मला कळतच नाही तुम्ही कसे करता हे."

ब्रेंट आतून आला. बारीक झालाय. दाढी वाढलीय. माझ्याकडे बघवेना त्याला. टॅमीने ताटं मांडली, म्हणाली, आमच्याबरोबर दोन घास घ्या. त्याच्या टेबलावर बसायला मला मनाई नाही. ज्याने माझ्या लेकीला मारलं त्याच्याबरोबर मी जेवू शकते. माझ्या नवऱ्याबरोबर नाही. हे मला तिथे खुर्चीवर बसल्यावर कळलं. आधी कधी असं शेजारी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

तो खाऊ लागला. भूक असावी. खाता खाता एकदम थांबून म्हणाला, "अंधार होता हो. मला दिवा दिसलाच नाही. असता तर दिसला असता ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तोही बघत होता. त्याला माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. तो विनवणी करत होता.

तेवढ्यात त्याच्या ताटाशेजारचा फोन उजळला. निळा. त्याने झटकन पालथा घातला.

मी ताटात बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "जेवा, गार होतंय."

टॅमीने विचारलं हे कसं करतात. मी सांगितलं. मंद आचेवर ठेवायचं, झाकण उघडायचं नाही, घाई करायची नाही. कॉफीचंही सांगितलं. व्हिनेगरचंही. ती लिहून घेत होती. "मऊ झालंय किती," ती म्हणाली, "दातच लागत नाहीत."

येताना सासूबाईंनी घोडी चालवली. मी टोप मांडीवर धरून बसले. घरी येऊन ओकले.

फेब्रुवारी ९, रविवार

जेवले नाही.

फेब्रुवारी ११, मंगळवार

सासूबाई पाव आणि दूध घेऊन बसल्या. "एक घास. माझ्यासाठी."

घेतला. गिळता येईना.

"अगं, लिआना गेली तर तूही जायचं ठरवलंयस का? मग मी एकटीने या गाढवाला सांभाळायचं?" गाढव म्हणजे ईनॉस. मला हसू यायला हवं होतं.

फेब्रुवारी १४, शुक्रवार

प्रार्थना करता येत नाही. गुडघे टेकते, डोळे मिटते, आणि तो पालथा घातलेला फोन दिसतो. मी माफ केलं होतं. खरंच केलं होतं. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचा हात धरून म्हटलं होतं आणि मनातून म्हटलं होतं. मग हे काय आहे? राग नाही. तो तुरुंगात जावा असंही वाटत नाही. टॅमीच्या पोटातल्या बाळाला बाप हवा. तरी छातीवर दगड ठेवल्यासारखं आहे.

हे ईनॉसला सांगावंसं वाटतं. पण सांगितलं तर तो म्हणेल, चल मग. आणि मी जाणार नाही. मला भीती वाटते. आई, बहिणी, सगळी मंडळी — सगळ्यांना गमावून मी कुठे राहू?

त्याला वाळीत टाकलं तरी मी आहे, पलीकडच्या टेबलावर का होईना. मला टाकलं तर?

फेब्रुवारी २०, गुरुवार

बर्फ वितळतोय. सगळीकडे चिखल. अंथरुणातून उशिरा उठले, दूध ईनॉसने एकट्यानेच काढलं.

फेब्रुवारी २३, रविवार

डाव्या हाताने लिहिते. अक्षर वाईट येतंय.

आज मांस चढवलं होतं, कारण रविवार आहे आणि दुसरं काय करायचं सुचत नाही. दुपारी टोप उचलायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटात कालपासून काही नव्हतं. टोप कलंडला, रस्सा उजव्या हातावर आला, कोपरापर्यंत. मी ओरडले की नाही आठवत नाही. ईनॉसने मला उचललं. उचलून बाकावर ठेवलं, हात गार पाण्यात धरला. कितीतरी वेळ धरून बसला. डिसेंबरपासून त्याने मला हात लावला नव्हता. सासूबाईंनी मध-मेणाचं मलम आणि वाळवलेली पानं आणली, त्याने पानं कोमट पाण्यात मऊ करून एकेक माझ्या हातावर गुंडाळली. सासूबाई बघत राहिल्या.

मांस जमिनीवर पसरलं होतं. कुत्रा खात होता. कुणी हाकललं नाही.

ईनॉसने शेवटचं पान गुंडाळलं. मग म्हणाला, "किती हलकी झालीस गं तू. लिआनासारखी लागलीस उचलताना."

मी म्हटलं, "ईनॉस."

"मी गुडघे टेकतो," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी. चुकलो म्हणतो. कोर्टात जात नाही."

मी बघत राहिले.

"दोन माणसं गेली तर मी कुठे जाऊ?" तो म्हणाला.

महिनोन्‌महिने मी हेच मागत होते. देवाकडे, त्याच्याकडे. आणि मिळालं तेव्हा मी नुसती त्या पानांकडे बघत होते.

मार्च २, रविवार

त्याने गुडघे टेकले.

सगळी मंडळी बसलेली. यॉस्टनी विचारलं, आपली चूक कबूल आहे का? ईनॉस म्हणाला, आहे. कोर्टात कुणाविरुद्ध बोलणार नाही, असं वचन देतोस का? देतो. आवाज स्पष्ट होता. मी बायकांच्या बाकांवरून त्याची पाठ बघत होते. पाठ सरळ होती. यॉस्टनी हात देऊन उठवलं, गालाचं चुंबन घेतलं, आणि सगळीकडून हुंदके ऐकू आले. पुरुषही रडत होते. फॅनीने माझा हात दाबला, चांगला हात.

येताना बग्गीत तो लगाम धरून बसला, मी शेजारी. पूर्वीसारखं. सासूबाई मागे गुणगुणत होत्या. मी त्याच्या दंडाला टेकले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मार्च ४, मंगळवार

खाली झोपायला आला. पाठ करून झोपतो. जागा असतो.

मार्च ९, रविवार

यॉस्ट आणि एडना जेवायला आले होते. मांस मीच केलं, एका हाताने, एडना मदतीला होती. चांगलं झालं. सगळे एका टेबलावर. ईनॉसने स्वतः वाढलं, सगळ्यांना. माझं ताट त्याने माझ्या हातात दिलं आणि मी घेतलं.

यॉस्ट फार खुशीत होते. "एडना, बघ. हिच्या मांसापुढे तुझं म्हणजे जोड्याचं कातडं."

एडना म्हणाली, "चाळीस वर्षं तेच कातडं खाऊन एवढे सुटलात ना?"

सासूबाई हसल्या. मीही हसले, आवाज तसा आला खरा.

मग यॉस्ट म्हणाले, "बरं झालं बाई, सगळं मिटलं. ब्रेंटचा भाऊ गिरणीवर भेटला होता. त्यांचा वकील म्हणतोय, आता दिव्यांबद्दल बोलायला कुणी नाही, त्यामुळे फारसं काही होणार नाही. दिवे नव्हते असंच धरून प्रकरण संपेल. चला, सुटलो सगळे."

ईनॉसने काटा खाली ठेवला. मी बघत होते त्याच्याकडे. सासूबाईही. यॉस्टच्या लक्षात आलं नाही, ते शेवया घेत होते. मग ईनॉसने काटा परत उचलला, मांसाचा घास घेतला, चावला. चावतच राहिला. इतकं मऊ मांस, आणि त्याला गिळायला एवढा वेळ लागला. त्याचा गळा हलताना मी बघितला.

दिवे नव्हते, हे त्याने गिळलं. माझ्यासाठी.

ते गेल्यावर तो मोडक्या बग्गीपाशी जाऊन उभा होता. कोठारामागे आहे ती अजून. मी खिडकीतून बघत होते. तो काही करत नव्हता. नुसता उभा. त्याचे खांदे — वळून बसला होता ना आठवड्यानुआठवडे त्या खिडकीखाली, तेव्हाही ते खांदे असे नव्हते.

तो वेगळ्या टेबलावर होता तेव्हा लिआनाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी या घरात होतं. आता कुणी नाही.

मार्च ११, मंगळवार

ईनॉस दिवसभर कुंपण दुरुस्त करत होता. बोलला नाही. मला वाटलं होतं मी त्याला परत मिळवीन.

मार्च १३, गुरुवार

सकाळी मांस चढवलं, ईनॉसच्या जेवणाला होईल म्हणून. सासूबाईंना म्हटलं, मला जायचंय. कुठे ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "जा. भांड्याकडे मी बघते."

घोडी मीच जुंपली. टेकडीवर डोळे मिटले नाहीत.

हॅनलन कोर्टाच्या पायरीवर होता, मला बघून टोपी काढली. शपथ घेतली नाही, खरं सांगते एवढंच म्हटलं. ब्रेंटकडे बघूनच सांगितलं — याला मी माफ केलंय, ते खरं आहे. दिवे दोन्ही लागलेले होते, तेही खरं आहे. याचं तोंड खाली होतं.

रविवारी यॉस्ट मला बोलावतील. मी गुडघे टेकणार नाही.

फार भूक लागलीय.